जाड, गोल मराठी अक्षरांना बॉर्डर दिली की शिरोरेषेवर चिरा का पडतात आणि त्या कशा घालवायच्या

‘बलू’ किंवा ‘मोदक’सारखा जाड, गोल फॉन्ट घेतला, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नाव टाइप केलं, पिवळा रंग भरला, लाल बॉर्डर दिली. आता शिरोरेषेकडे बघा. दर अक्षराच्या जोडावर एक उभी लाल रेघ उमटलेली दिसेल. वेलांटी काठीला मिळते तिथेही एक, काना सुरू होतो तिथेही एक. नाव वाचता येतं, पण प्रत्येक अक्षर कापून शेजारी चिकटवल्यासारखं दिसतं.

ही तक्रार डीटीपी करणाऱ्यांकडून, रेडियमवाल्यांकडून, मंडळाच्या इन्स्टाग्राम पोस्ट करणाऱ्या पोरांकडून सारखी येते. बहुतेक जण आधी फॉन्ट बदलतात, मग दुसऱ्या साइटवरून तोच फॉन्ट पुन्हा उतरवतात, आणि शेवटी बॉर्डरच काढून टाकतात. दोष फॉन्टचा नसतो. बॉर्डर शब्दाला हवी असते आणि सॉफ्टवेअर ती अक्षराला देतं. खालचे सगळे उपाय या एकाच गोष्टीवर उभे आहेत.

चिर येते कुठून

देवनागरी फॉन्टमध्ये शिरोरेषा म्हणून सलग रेघ नसतेच. प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावरचा तुकडा स्वतःबरोबर आणतं. ‘गणपती’ टाइप केलं की ग, ण, प, त आणि शेवटची दीर्घ वेलांटी असे पाच तुकडे शेजारी बसतात आणि आपल्याला एक रेघ भासते. हे तुकडे एकमेकांना नुसते टेकवले तर जोडावर केसाएवढी फट दिसण्याचा धोका असतो. म्हणून फॉन्ट करणारे तुकडा जरा लांब ठेवतात, म्हणजे तो शेजाऱ्याच्या अंगावर थोडा चढतो. दोन्हींचा रंग एकच असल्यामुळे तो चढलेला भाग कळत नाही.

बॉर्डर दिली की तो कळतो. प्रोग्रॅम प्रत्येक अक्षराच्या कडेने फिरतो, शेजाऱ्याच्या अंगावर गेलेल्या कडेनेसुद्धा. त्यात बॉर्डर सहसा कडेच्या मधोमध बसते, अर्धी बाहेर आणि अर्धी आत. आतली अर्धी भरलेल्या रंगावर चढते आणि जोडावर उभी रेघ तयार होते.

इंग्रजी ट्यूटोरियल बघून शिकलेल्यांना हे कोडं वाटतं, कारण तिकडे असं काही होतच नाही. १९२२ साली अमेरिकेत आलेल्या कूपर ब्लॅकपासून आजवर रोमन लिपीतल्या गुबगुबीत टाइपांना लोक बिनधास्त बॉर्डरी देत आले, कारण ती अक्षरं सुटी उभी असतात. रोमनमध्येही अक्षरं जोडून लिहिलेला लफ्फेदार फॉन्ट घेतला तर हाच त्रास होतो.

जाड टाइपात तो जास्त खुपतो, याचं कारण साधं आहे. शिरोरेषा जेवढी जाड, तेवढी चिर उंच. बारीक टाइपात ती बॉर्डरखालीच दबून जाते. शिवाय बारीक टाइपाला बॉर्डर द्यायला जातो कोण?

आधी चिर ओळखा

चिरा चार प्रकारच्या असतात आणि लोक सगळ्यांना एकच औषध देतात. झूम करा आणि चिरेचा रंग बघा.

चिर बॉर्डरच्या रंगाची असेल तर वर सांगितलेलं कारण, आणि या लेखाचा बराचसा भाग त्यावरच आहे.

चिरेतून मागचा रंग दिसत असेल तर अक्षरं खरोखरच एकमेकांपासून सरकली आहेत. ट्रॅकिंग किंवा लेटर स्पेसिंग शून्यावर आणा. कर्निंग, म्हणजे अक्षराअक्षरांमधल्या अंतराचं सेटिंग, ‘ऑप्टिकल’वर असेल तर ‘मेट्रिक्स’ करा. ऑप्टिकलमध्ये प्रोग्रॅम आकार बघून स्वतःच्या अंदाजाने अंतर ठरवतो आणि शिरोरेषा त्याच्या हिशेबात नसते. परिच्छेद दोन्ही कडांना जस्टिफाय केला असेल तर जस्टिफिकेशनच्या खिडकीत अक्षरांमधल्या अंतराचे तिन्ही आकडे शून्य ठेवा आणि ताण फक्त शब्दांमधल्या जागेवर सोडा. शीर्षक रुंद दिसावं म्हणून अक्षरं लांब लांब पसरवायची युक्ती रोमनमध्ये खपते. मराठीत तसं केलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि गोल टाइपात ते तुकडे जास्तच केविलवाणे दिसतात.

चिर रंगाने तीच पण जरा गडद असेल तर रंग अर्धपारदर्शक आहे आणि जिथे एक तुकडा दुसऱ्यावर चढतो तिथे तो दोनदा बसतोय. वेबवर हे हमखास होतं. रंगातच पारदर्शकता मिसळू नका. रंग पूर्ण ठेवा आणि पारदर्शकता सगळ्या घटकाला मिळून द्या.

चौथा प्रकार फसवा. पीडीएफमध्ये केसासारखी पांढरी रेघ दिसते, झूम बदललं की जागा बदलते किंवा नाहीशी होते. टेकलेल्या दोन आकारांच्या कडा स्क्रीनवर मऊ करून दाखवताना ती उमटते. छपाईत ती सहसा येत नाही, पण गिऱ्हाईक पीडीएफच बघतं. शब्द वेल्ड करून, म्हणजे सगळी अक्षरं जोडून एकच आकार करून, पाठवला की तीही जाते.

इलस्ट्रेटरमध्ये

स्ट्रोक, म्हणजे बॉर्डर, बाहेरच्या बाजूला ढकलायचं बटण टाइप केलेल्या मजकुरावर चालतच नाही. ते बटण फिकं का आहे, यात डोकं घालू नका. रस्ता अपिअरन्स पॅनेलमधून जातो.

मजकूर सिलेक्शन टूलने निवडा. टाइप टूलने अक्षरं निवडून बॉर्डर दिलेली असेल तर ती आधी काढा, फिल (भरलेला रंग) आणि स्ट्रोक दोन्ही ‘नन’ करा. आता अपिअरन्स पॅनेलमध्ये नवीन फिल घ्या, नवीन स्ट्रोक घ्या, आणि स्ट्रोकची ओळ माउसने ओढून फिलच्या खाली ठेवा. झालं. बॉर्डर सगळ्या अक्षरांच्या मागे गेली, जोडावरच्या रेघा भरलेल्या रंगाखाली झाकल्या गेल्या.

यात दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली जाडीची. आतली अर्धी बॉर्डर आता दिसत नाही, म्हणून बाहेर ४ पॉइंट हवी असेल तर आकडा ८ टाका. दुसरी कोपऱ्याची. स्ट्रोक पॅनेलमध्ये ‘राउंड जॉइन’ निवडा. मूळ सेटिंग टोकदार कोपऱ्याचं असतं. गोल अक्षराला त्याने काय होणार असं वाटतं, पण जोडाक्षरांच्या खाचांमध्ये आणि वेलांटी काठीला मिळते तिथे ‘मोदक’मध्येसुद्धा धारदार कोपरे असतात. तिथून काटे बाहेर येतात. गोल टाइप घेऊन त्याला काटे फोडायचे असतील तर गोल घेतलाच कशाला?

मजकूर बदलत राहणार असेल, म्हणजे चाळीस पाहुण्यांची चाळीस नावं असतील, तर मजकूर कर्व्ह करायच्या, म्हणजे त्याचे नुसते आकार करून टाकायच्या, भानगडीत पडू नका. मजकूर निवडून इफेक्ट मेनूतल्या पाथफाइंडरमधलं ‘ॲड’ लावा आणि पॅनेलमध्ये ती ओळ फिल-स्ट्रोकच्या वर राहील असं बघा. शब्द आतल्या आत एक होतो आणि नाव टाइपही करता येतं. फाइल मात्र जड होते. जुन्या मशीनवर दहाव्या नावानंतर ते कळायला लागतं.

कोरलमध्ये

आपल्याकडची निम्म्याहून अधिक फ्लेक्सची दुकानं अजून कोरलड्रॉवर चालतात असा माझा अंदाज आहे आणि सगळ्यात जास्त चिरा मी तिथल्याच फाइलींमध्ये बघितल्या आहेत. गंमत म्हणजे उपायही तिथेच सगळ्यात सोपा आहे. एफ-१२ दाबून आउटलाइन पेन उघडा, ‘बिहाइंड फिल’वर खूण करा, कोपरा गोल निवडा, जाडी दुप्पट करा.

त्याच खिडकीत ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ अशीही एक खूण असते. तीही करा. २० बाय १० फुटी फ्लेक्स कुणी पूर्ण मापात करत नाही. काम लहान मापात होतं आणि शेवटी ओढून मोठं केलं जातं. ही खूण नसेल तर अक्षर दहापट होतं आणि बॉर्डर होती तेवढीच राहते. मग फोन येतो की बॉर्डर गायब झाली. इलस्ट्रेटरमध्ये हीच खूण प्रेफरन्सेसमध्ये ‘स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स’ नावाने आहे.

कोरलमध्ये एक सवय मोडायला हवी. शब्द कर्व्ह केला की हात आपोआप कंट्रोल-एल कडे जातो, म्हणजे कंबाइन. कंबाइनमध्ये जिथे दोन आकार एकमेकांवर येतात ती जागा पोकळ होते. शिरोरेषेवर लाल चिरांऐवजी छोटी छोटी भोकं पडतात आणि माणूस म्हणतो, फॉन्ट करप्ट आहे. हवं असतं ते वेल्ड. कंट्रोल-क्यूने कर्व्ह करा, सुटे तुकडे निवडा, वेल्ड दाबा. वेल्ड झाल्यावर व्ह्यू मेनूतून वायरफ्रेम बघा. शिरोरेषेवर आडव्या दोन रेघांखेरीज काही दिसता कामा नये. एखादी उभी रेघ उरली असेल तर तिथे वेल्ड झालेलं नाही.

इंकस्केप वापरणाऱ्यांसाठी: फिल अँड स्ट्रोकच्या खिडकीत ‘ऑर्डर’ नावाची ओळ आहे, तिथे स्ट्रोक मागे टाका. एकजीव करायचा असेल तर पाथ मेनूतलं युनियन.

फोटोशॉप, कॅनव्हा, मोबाइल

फोटोशॉपमध्ये लेयर स्टाइलचा स्ट्रोक अक्षरांना ओळखतच नाही. लेयरवर जो सगळा आकार दिसतो त्याच्या कडेने तो फिरतो. म्हणून ‘आउटसाइड’ निवडलं की चिरा येत नाहीत. फोटोशॉपवर वाढलेले लोक इलस्ट्रेटरला शिव्या देतात त्या यामुळे.

कॅनव्हात आणि मोबाइलवरच्या बहुतेक ॲपमध्ये बॉर्डर मागे टाकायचं सेटिंग हाताशी नसतं किंवा सापडत नाही. तिथे जुनी दोन प्रतींची युक्ती वापरा. खालच्या प्रतीला जाड बॉर्डर, वरच्या प्रतीला बॉर्डरच नाही, दोन्ही तंतोतंत एकावर एक, मग ग्रुप. ग्रुप नक्की करा, नाहीतर कुणीतरी फक्त वरची प्रत हलवतो. स्पेलिंग बदललं तर दोन्हीकडे बदलावं लागतं हा याचा तोटा, आणि त्यापायी ‘शुभेच्छा’च्या पिवळ्या अक्षरांमागून ‘शूभेच्छा’चा लाल उकार डोकावताना मी पाहिला आहे.

पोकळ अक्षरं हवी असतील, म्हणजे आत रंग नाही आणि फक्त कड, तर बॉर्डर झाकण्याची युक्ती चालत नाही. झाकायला वर रंगच नाही. तिथे शब्द एकजीवच करावा लागतो. कॅनव्हात ते जमत नाही, म्हणून शब्द इंकस्केपमध्ये एकजीव करा, एसव्हीजी (वेक्टर चित्राची फाइल) म्हणून काढा आणि चित्रासारखा आत आणा.

वेबसाइटवर

सीएसएसमध्ये टेक्स्ट-स्ट्रोक दिला की तो मधोमध बसतो, म्हणजे तोच त्रास. ‘पेंट-ऑर्डर’ या गुणधर्मात आधी स्ट्रोक आणि नंतर फिल असा क्रम लिहा. आताचे ब्राउझर साध्या मजकुरावरही तो पाळतात. मात्र एक शब्द दोन स्पॅनमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या दोन वेगळ्या टॅगमध्ये, तोडू नका. पहिलं अक्षर वेगळ्या रंगात करायची हौस असते, पण दुसऱ्या स्पॅनची बॉर्डर पहिल्याच्या रंगावर चढते आणि हाकलून दिलेली चिर एकाच जोडावर परत येते. तसं हवंच असेल तर एसव्हीजी करा.

वेबवर याहून जास्त वेळा भेटणारी भानगड बॉर्डरची नाहीच, जाडीची आहे. ‘मोदक’मध्ये जाडी एकच आहे आणि ती ४०० या नावाने नोंदलेली आहे, म्हणजे कागदोपत्री तो ‘रेग्युलर’. ब्राउझर शीर्षकाच्या टॅगला आपण होऊन ठळक करतो. फॉन्टमध्ये ठळक नाही असं दिसलं की तो स्वतःच अक्षर फुगवतो. आधीच टम्म असलेल्या अक्षरातली उरलीसुरली पोकळी बुजते आणि ‘ष’ कुठला, ‘प’ कुठला ते कळेनासं होतं. शीर्षकाला फॉन्ट-वेट ४०० लिहा, किंवा फॉन्ट-सिंथेसिस बंद करा. वर्डमध्ये बी दाबणं म्हणजे हाच प्रकार. ‘बलू २’मध्ये ४०० ते ८०० अशा खऱ्या जाड्या आहेत, तिथे ७०० मागितलं तर खरं ७०० मिळतं, पण एकच फाइल जोडून बाकी ब्राउझरवर सोपवलं असेल तर पुन्हा फुगवाफुगवी.

शीर्षकाच्या अक्षरांत ग्रेडियंट भरला आणि वेलांट्यांचे वरचे भाग उडाले, हेही बॉर्डरच्या तक्रारीबरोबर जोडीने येतं. ग्रेडियंट मागच्या चौकोनापुरताच असतो. लाइन-हाइट १ ठेवली की चौकोन बुटका होतो आणि ‘मूर्तींची’मधला रफार, वेलांटी, अनुस्वार चौकोनाबाहेर राहतात, म्हणजे दिसतच नाहीत. वरखाली पॅडिंग द्या किंवा लाइन-हाइट वाढवा. रोमन अक्षरांवर बेतलेली टेम्प्लेटं मराठीत इथे हमखास मार खातात.

अक्षराच्या आतच रेघ दिसते तेव्हा

जोडावर चिर नाही, पण एकाच अक्षराच्या पोटात, काठी आणि वळण मिळतात तिथे रेघ आहे, असं असेल तर तुमच्याकडे बहुधा व्हेरिएबल फॉन्ट आहे. एका फाइलमध्ये बारीक ते जाड अशा सगळ्या पायऱ्या असतात तो. जाडी बदलताना आकार नीट ताणले जावेत म्हणून त्यात अक्षराचे भाग एकमेकांवर चढलेले तसेच ठेवतात. साध्या फाइलमध्ये फॉन्ट बाहेर काढताना ते आधीच एक केलेले असतात. गूगल फॉन्ट्सवरून ‘बलू २’ उतरवला की झिपमध्ये ‘स्टॅटिक’ नावाचा फोल्डर असतो. बॉर्डरच्या आणि कटिंगच्या कामाला त्यातली फाइल बसवा. बाहेरची व्हेरिएबल फाइल काढून टाका, नाहीतर एकाच नावाचे दोन फॉन्ट यादीत येतात आणि कुठला लागलाय ते कुणालाच कळत नाही.

रेडियम, ॲक्रिलिक, लेझर

फ्लेक्सवर चिर म्हणजे फक्त वाईट दिसणं. कटिंगमध्ये चिर म्हणजे माल वाया. प्लॉटरला, म्हणजे सुरीने रेडियम कापणाऱ्या मशीनला, रंग समजत नाही, त्याला फक्त कड समजते. रिक्षाच्या मागच्या काचेसाठी ‘आईचा आशीर्वाद’ न वेल्ड करता पाठवलं तर सुरी प्रत्येक जोडावर शिरोरेषा कापते. चिकटवताना अक्षरं सुटी होतात, मधले बारीक चौकोन सुरीला लागून येतात. ॲक्रिलिकच्या नेमप्लेटमध्ये तर शब्दाचे तुकडेच हातात पडतात. वेल्ड करून पाठवला तर सगळा शब्द शिरोरेषेला धरून एका तुकड्यात निघतो. रोमन अक्षरं एकेक करून बसवावी लागतात. मराठीला शिरोरेषेमुळे हा फायदा आयता मिळतो, तो कशाला घालवायचा? अनुस्वार आणि नुक्ता मात्र सुटेच राहणार. त्यांना ट्रान्सफर टेप लागतोच.

‘बिहाइंड फिल’ इथे निरुपयोगी आहे. ती दिसण्यापुरती सोय. कटिंगच्या फाइलमध्ये बॉर्डरसुद्धा खऱ्या आकारात हवी, म्हणून क्रम असा ठेवा: कर्व्ह, वेल्ड, मग ऑफसेट पाथ किंवा कोरलमधला काँटूर (कडेपासून ठरावीक अंतरावर नवी कड काढणारा), कोपरे गोल, आणि ऑफसेट झाल्यावर एकमेकांना भिडलेले भाग पुन्हा वेल्ड. हे शेवटचं वेल्ड निम्मे लोक विसरतात.

‘मोदक’ रेडियमवर कापताना आणखी एक अडचण. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने हा फॉन्ट केला तेव्हा त्यातली गंमत अशी ठेवली की अक्षराच्या आतल्या पोकळ्या फक्त बारीक रेघा बनून राहतात, बाकी सगळं पोट. मोठ्या मापात हे झकास दिसतं. छोट्या स्टिकरवर त्या रेघेतला रेडियम सुईने उचलून काढायचा म्हणजे शिक्षा. तळहाताएवढ्या स्टिकरला ‘मोदक’ वापरू नका, ‘बलू’ घ्या.

पोकळी बुजते ती वेगळी तक्रार नाही

बॉर्डर वरून दिली तर ती दोन्ही बाजूंनी खाते. ६ पॉइंटची बॉर्डर मधोमध बसली की प्रत्येक कडेला ३ पॉइंट आत आणि ३ पॉइंट बाहेर. पोकळी ५ पॉइंट रुंद असेल तर समोरासमोरच्या कडांचे ३ आणि ३ मिळून ती पूर्ण बुजली. बॉर्डर मागे टाकली तरी पोकळी बॉर्डरच्या रंगाने भरणारच, पण भरलेला रंग शाबूत राहतो आणि पोकळीच्या जागी बॉर्डरच्या रंगाची स्वच्छ रेघ दिसते. ‘मोदक’ला हे उलट शोभून दिसतं. पिवळं पोट, आत लाल रेघ, बाहेर लाल कड. अट एवढीच की दोन रंगांत फरक ठळक हवा. केशरीवर लाल दिली तर लांबून सगळा गोळा.

बॉर्डरवर बॉर्डर, तिच्यावर पांढरी, तिच्यावर सावली, अशी उतरंड आपल्या फ्लेक्सवर नेहमीची आहे आणि मला ती मनापासून आवडते. फक्त दर थराची जाडी आधीच्या थरापेक्षा वाढवत न्या आणि सावली शेवटच्या थराला एकदाच द्या. प्रत्येक थराला सावली दिली की अक्षराभोवती मळ साचल्यासारखा दिसतो.

वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते, टी-शर्टवर कापड ओढलं जातं, ग्लो-साइनमध्ये मागचा दिवा अक्षराच्या कडा खातो. या तिन्ही ठिकाणी पोकळी स्क्रीनवर दिसते त्याहून लहान होणार हे धरूनच चाला. ‘बलू २’ घेतला असेल तर ८०० ऐवजी ७०० वर या. छपाईत ते ८०० च दिसेल.

दोन ओळी असतील तर

शीर्षक दोन ओळींचं आणि ओळी वेगवेगळ्या बॉक्समध्ये असतील, तर खालच्या ओळीची बॉर्डर वरच्या ओळीच्या उकारांवर चढते. ‘पूर्तीचा’तला दीर्घ उकार खालच्या ‘वर्षां’च्या रफाराखाली अर्धा झाकला गेला, असं दिसतं. लोक ओळींमधलं अंतर वाढवत बसतात आणि मग जाड टाइपाचा गच्चपणाच जातो. त्यापेक्षा दोन्ही ओळींच्या बॉर्डर खालच्या लेयरवर आणि दोन्हींचे भरलेले रंग वरच्या लेयरवर ठेवा. बॉर्डरी एकमेकींत मिसळून दोन ओळींना मिळून एक कड तयार होते. या टाइपाचं सगळ्यात देखणं रूप तेच, आणि मिठाईच्या खोक्यावर, बालनाट्याच्या पोस्टरवर, लहान मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते मिरवतं. श्रद्धांजलीच्या बोर्डावर हा टाइप बघून मात्र काय वाटून घ्यावं ते कळत नाही. शुभेच्छुकांची चाळीस नावं १४ पॉइंटच्या ‘मोदक’मध्ये बसवणाऱ्यांनी ती नावं कुणी वाचायला हवीत की नको, ते आधी ठरवावं. तिथे साधा ‘मुक्ता’ फॉन्ट लावा आणि ‘मोदक’ फक्त उत्सवमूर्तीला ठेवा.

वेल्ड करण्याआधी काय तपासायचं

वेल्ड झालेला शब्द टाइप करून सुधारता येत नाही, म्हणून तपासणी आधीच. जोडाक्षरं सुटी दिसत असतील, ‘क्त’चा ‘क्‌त’ होत असेल, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जात असेल तर कंपोजर, म्हणजे अक्षरं जुळवणारा प्रोग्रॅमचा भाग, चुकीचा आहे. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून दक्षिण आशियाई किंवा वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा. इनडिझाइनमध्येही वर्ल्ड-रेडी कंपोजर त्याच मेनूत आहे. मजकूर टाकल्यावर मराठीऐवजी रोमन चिन्हांचा गोंधळ दिसला तर तो जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या.

ल आणि श बघा. सरकारी काम असेल तर नक्कीच, कारण राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने या अक्षरांची मराठी वळणं ठरवून दिली आहेत. फॉन्टमध्ये मराठी रूपं भरलेली असतील तर कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी केल्यावर येतात. वेबवर पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवावी लागते. नाहीच आली तर ग्लिफ्स पॅनेल उघडून शोधा. ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतला अर्धा र नीट आला आहे ना, तेही इथेच बघून घ्या. ‘दुसर्या’ असं वेल्ड होऊन वीस फुटांवर टांगलं गेलं की खाली उतरवायला क्रेन लागते.

प्रेसला फाइल देताना दोन प्रती करा. एक टाइप केलेली, आपल्याजवळ. दुसरी वेल्ड केलेली, त्यांच्यासाठी. प्रेसकडे तो फॉन्ट नसतो किंवा जुनी आवृत्ती असते, आणि टाइप केलेली फाइल तिथे उघडली की अपिअरन्समधली सगळी मेहनत दुसऱ्याच फॉन्टवर चढते. नाव बदललं तर ते आपल्याकडच्या प्रतीत बदला आणि पुन्हा वेल्ड करून पाठवा. प्रेसवाल्याला वेल्ड केलेल्या शब्दातला काना पुसायला लावू नका. तो पुसेल, पण त्याच्याबरोबर शिरोरेषेचा तुकडाही जाईल.